इतर हक्कवाले भाऊसाहेब

आमच्या कॉलनीत कुणी घर घेतलं की ते सगळ्यांना सांगतात, फक्त भाऊसाहेबांना सांगत नाहीत. निदान खरेदीखत नोंदवून होईपर्यंत तरी नाहीच. अंगठे उठले, फोटो निघाले, पावती हातात पडली, की मगच पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं. भाऊसाहेब पेढा घेतात, पण तोंडात टाकत नाहीत. दोन बोटांत धरून विचारतात, "वा! सर्च किती वर्षांचा घेतलात?"

"तीस वर्षांचा. बँकेच्या वकिलानं घेतला."

"तो बँकेनं घेतला. तुम्ही किती वर्षांचा घेतलात?"

मग मूळ मालकाला मुली किती, त्यातल्या हयात किती, लेआउट कोणत्या साली मंजूर झाला, समोरचा रस्ता लेआउटमध्ये आहे की नुसताच डांबरात आहे, अशी सरबत्ती सुरू होते. पेढा मऊ होत जातो आणि समोरच्या नवराबायकोचे चेहरे कडक. अखेर "असो, आता घेतलंच आहे तर राहा सुखानं," असं म्हणून ते पेढा तोंडात टाकतात, तेव्हा ती दोघं स्वतःच्याच घरात भाडेकरू असल्यासारखी जिना उतरतात.

आणि ज्यांना अजून घर घ्यायचंय अशी झाडून सगळी माणसं दिवेलागणीनंतर फाइल भाजीच्या पिशवीत लपवून त्यांच्याचकडे येतात.

भाऊसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. हे पुणे जिल्ह्यात तलाठी होते, पुढे मंडळ अधिकारी, म्हणजे लोकांच्या बोलीत सर्कल झाले आणि २०१८ साली निवृत्त झाले. हुद्दा गेला, नाव राहिलं. काकूसुद्धा त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. त्यांच्याच नियमानं बोलायचं तर नोंद एकदा प्रमाणित झाली की अपिलाशिवाय बदलत नाही, आणि काकूंना संसारात अपिलाला सवड मिळाली नाही.

पेपर ते शेवटच्या पानांकडून वाचतात. आधी जाहीर नोटिसा. 'तमाम लोकांस कळविण्यात येते' हे शब्द दिसले की त्यांना चहा गोड लागतो. सदर मिळकतीवर गहाण, दान, बक्षीस, पोटगी, वारसा, वहिवाट असा कोणाचाही हक्क असल्यास त्यानं चौदा दिवसांत कागदपत्रांसह हरकत घ्यावी, न घेतल्यास तो हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे आणि अजिबात मान्य नाही. "पेपरातल्या चार ओळींनी कुणाचा हक्क जात नसतो. घेणाऱ्यानं चौकशी केली, डोळे मिटून घेतलं नाही, एवढंच त्यातून दिसतं. पण ते दिसलं पाहिजे. नोटीस द्याच." नोटिसा संपल्या की निधनवार्ता. लोक फोटो बघतात, वय बघतात, हळहळतात. भाऊसाहेब थेट 'त्यांच्या पश्चात'पासून सुरुवात करतात. पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार असला तर सुना-जावयांवर पेन्सिलीनं काट मारतात, नातवंडांपुढे प्रश्नचिन्ह टाकतात (कुणाचे आईबाप आधीच गेले असतील तर ती वारसांत येतात, आणि बातमीत ते कधीच दिलेलं नसतं) आणि उरलेल्यांची बेरीज करून सुस्कारा सोडतात. "सहा. आणि बंगला एकच. अवघड आहे."

सातबारा हातात आला की आपण मालकाचं नाव बघतो. भाऊसाहेब ते बघतच नाहीत. "मालक असणारच. मालकाशिवाय जमीन विकायला कोण आणतं?" असं म्हणत ते 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवतात. त्या चिंचोळ्या रकान्यात काय नसतं! कूळ असतं, विकास सोसायटीचा बोजा असतो, कुणा विधवेची पोटगी असते, विहिरीच्या पाण्याची पाळी असते, कुळकायद्याच्या कलम ४३ ची शर्त असते, पुनर्वसनाचा शिक्का असतो. वर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की ते फाइल मिटूनच टाकतात. "ही सरकारनं अटीवर दिलेली जमीन. परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी आणा, नजराणा भरा, मग दाखवायला या."

एकदा एक संगणक अभियंता एनए प्लॉट घ्यायचा म्हणून उतारा घेऊन आला. त्यानं एका नावापुढच्या 'अ.पा.क.' या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "हे स्वयंपाकाशी संबंधित काही आहे का?"

"अज्ञान पालनकर्ती. पोरगं अज्ञान होतं म्हणून आईचं नाव लागलंय. नोंद कधीची? १९९४. म्हणजे पोरगं आता चाळिशीला आलं असेल. सज्ञान झाल्यावर त्यानं कुठं सही केलीय? नाही. मधे आईनं विकताना कोर्टाची परवानगी घेतलीय? नाही." मग त्या मुलाकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "इथं अज्ञान कोण, तेवढं आता ठरवा."

भाऊसाहेबांची खरी मजा अशी, की उभा जन्म सातबारा लिहिण्यात गेला आणि सातबाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "सातबारा म्हणजे मालकी नव्हे. सरकारनं सारा कुणाकडून वसूल करायचा त्याची ती यादी. मला सांगू नका, मीच लिहायचो." नोंदणी कार्यालयाबद्दलही तेच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार घेत नाही. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे टायटल स्वच्छ, असं कुणी म्हटलं तर त्यांना हसू येतं. बँक घराशिवाय तुमचा पगारही बघते; घर गेलं तरी हप्ता तुमच्याच मानेवर.

"मग मालकी असते तरी कुठे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मालकी दिसत नाही. कागदाला कागद जुळत गेला की ती आहे असं मानायचं."

"म्हणजे देवासारखंच."

"देवाला मुद्रांक शुल्क नाही," भाऊसाहेब म्हणाले.

तीस वर्षांच्या सर्चमागचं कारण त्यांनी मला अनेकदा समजावलंय. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं खाजगी माणसाला गेलेला कब्जा मागायला बारा वर्षं मिळतात, पण गहाण टाकलेली मिळकत सोडवून घ्यायला तीस, आणि सरकारला दावा लावायलाही तीस. म्हणून तीस वर्षं मागं बघायचं. भाऊसाहेब तिथं थांबत नाहीत. जुन्या कायद्यात ही मुदत साठ वर्षांची होती, या आधारावर ते आणखी मागं जातात आणि जाता जाता मोडीत शिरतात. त्यांच्या ओळखीचा एक मोडी वाचणारा आहे. त्याच्याशी त्यांचं बोलणं ऐकलं तर दोघं मिळून अठराव्या शतकातला एखादा फ्लॅट घेतायत असं वाटेल. "आणि त्याच्या मागे?" असं मी विचारलं होतं. "त्याच्या मागे पेशवे. त्यांच्याकडून अजून हरकत आलेली नाही."

पुण्यात हरवलेल्या प्रत्येक कागदाचं एकच कारण असतं: पानशेत. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठची पेठ न् पेठ पाण्याखाली गेली, हे खरंच. पण १९७३ सालचं खरेदीखतही त्या पुरात वाहून गेलं, असं सांगणारे महाभाग भाऊसाहेबांनी पाहिलेत. ते रागावत नाहीत. पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करा, जाहीर नोटीस द्या, नोंदणी कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा, असं सांगून ते हळूच विचारतात, "मूळ दस्त कुठल्या पतपेढीच्या तिजोरीत तर नाही ना वाहत गेला?" बहुतेकदा तिथंच सापडतो.

या शब्दांची सवय इतकी अंगात मुरलेली, की भाचीला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही त्यांनी मेहुण्याला पत्रात 'मुलगा निर्वेध व बोजारहित असल्याची खात्री करून घ्यावी' असं लिहिलं होतं. खात्री करताना मुलाच्या नावावर तीन कर्जं निघाली, हा भाग वेगळा.

त्यांच्या स्वतःच्या घराचं मात्र विचारू नये. इमारत १९८६ ची, सोसायटी नोंदलेली, पण खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. १९६३ च्याच सदनिकांच्या कायद्यानं सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. तो देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडून मानीव अभिहस्तांतरण मिळवायची सोय २००८ पासून आहे. भाऊसाहेबांनी सगळे नमुने भरून ठेवलेत. अडलंय ते सर्वसाधारण सभेच्या ठरावावर, कारण प्रत्येक सभा पार्किंगवर सुरू होते आणि पार्किंगवरच तहकूब होते. "सगळ्या गावाला टायटल वाटत फिरतात," काकू म्हणतात, "आणि आम्ही इथे चाळीस वर्षं हवेत राहतोय."

हे सगळं माहीत असूनही माझ्या मेहुण्यानं, म्हणजे हिच्या भावानं, जुनं घर बघितलं तेव्हा मीच त्याला भाऊसाहेबांकडे नेलं. तीन गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर एकमजली बंगला, मागं आंब्याचं झाड. गाव १९९७ साली महापालिकेत आलेलं, तरी उतारा अजून सातबाराच. विकणारे दोघं भाऊ. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांनी १९७४ साली प्लॉट घेतला, भविष्य निर्वाह निधीतून घर बांधलं आणि १९८८ मध्ये ते गेले. उताऱ्यावर दोन्ही मुलांची नावं. मेहुणा इसार द्यायला निघालाच होता.

भाऊसाहेबांनी फाइल उघडली. खरेदीखतात वडिलांचं नाव दत्तू, सातबाऱ्यावर दत्तोबा, मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रय. "तिघं वेगळे असतील तर तिघांचे वारस आणा. एकच असेल तर एकच आहे असं प्रतिज्ञापत्र आणा." हे बसल्या बैठकीला सुटलं. मग ते इतर हक्कांकडे वळले आणि त्यांची मुद्रा एकदम प्रसन्न झाली. तिथं लिहिलं होतं: विकास सोसायटी, तेल इंजिनाकरिता, बोजा रुपये २,४००.

"पण इथं शेतच नाही," मेहुणा म्हणाला. "पलीकडे मॉल आहे."

"इंजिन मूळ जमीनमालकाचं. विहिरीवर बसवलं असेल. जमिनीचे प्लॉट पडले, तसा बोजाही प्रत्येक प्लॉटवर उतरत आला. तुम्ही घर नाही घेत, इंजिनासकट विहीर घेताय."

मग विकास सोसायटीचा शोध. गाव शहरात बुडालं तरी सोसायटी जिवंत होती. गोदामाच्या जागी झालेल्या व्यापारी संकुलात, मोबाइलच्या दुकानाच्या वर तिचा एक गाळा होता. गटसचिवानं जुनं खातं काढलं: कर्ज १९७९ सालीच फिटलेलं. त्यानं बेबाकी दाखला लिहून दिला, भाऊसाहेबांनी बोजा कमी करण्याच्या फेरफाराचा अर्ज तिथंच खरडला आणि ज्या तलाठ्यानं १९७९ मध्ये ही नोंद कमी केली नाही त्याचा रस्ताभर उद्धार केला. "माझ्या आधीचा माणूस. जेवून झोपायचा."

यावर देव बहुधा हसला असावा. कारण पुढच्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९८८ च्या वारस फेरफाराची नक्कल काढून आणली आणि आमच्यासमोर मोठ्यानं वाचायला घेतली. "मयत खातेदाराचे वारस मुलगे दोन यांची नावे दाखल. मुली दोन, विवाहित, सासरी नांदतात, हक्क नको म्हणतात." ते उसळलेच. "हक्क नको म्हणतात! कुणाला म्हणतात? कुठं म्हणतात? जबाब जोडलाय? नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे? नाही. स्थावरातला हक्क काय तोंडानं सुटतो? असल्याच नोंदींनी अर्ध्या जिल्ह्याचं टायटल नासलं! कोण हा तलाठी?"

मेहुण्यानं निरागसपणे कागद उजेडात धरला. खालची सही आम्ही सगळेच ओळखतो. कॉलनीच्या गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर तीच असते.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सही तीच राहिली.

"कोण हो तो तलाठी?" काकूंनी आतून विचारलं. त्यांना आतून सगळं ऐकू येतं.

"त्या काळी पद्धत होती," भाऊसाहेब म्हणाले.

"म्हणजे नोंद चूक?"

"चूक नाही. अपुरी."

मला वाटतं, त्या दिवसापासून ते या घराच्या मागं हात धुऊन लागले ते मेहुण्यासाठी नव्हे. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील, सोबत इतक्या वर्षांच्या विलंबाची माफी. त्यात निकाल लागेपर्यंत मेहुण्याची लेक कॉलेजातून बाहेर पडेल. दुसरी, उताऱ्यावर काहीही असो, चौघा भावंडांची सही एकाच खरेदीखतावर. दोघा भावांना बोलावून हे सांगितलं तेव्हा थोरला म्हणाला, "अक्का काही मागणार नाही. देवमाणूस आहे."

"देवमाणसाची सही आणा," भाऊसाहेब म्हणाले.

धाकटी बहीण न्यू जर्सीला. तिनं व्हिडिओ कॉलवर अर्ध्या मिनिटात होकार दिला. भाऊसाहेबांनी तिला दहा मिनिटं धरून ठेवलं: कुलमुखत्यारपत्र तिकडच्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करायचं, इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, आणि ती अनिवासी असल्यामुळे तिच्या वाट्यावर मेहुण्यानं कापायचा कर तो नेहमीचा एक टक्का नव्हे. शेवटचं वाक्य ऐकून मेहुण्याचा चेहरा पडला. या भागाबद्दल चार्टर्ड अकाउंटंटकडे जायला सांगण्याइतका शहाणपणा भाऊसाहेबांपाशी आहे. त्यांना फक्त जमिनीतलं कळतं, आणि जमिनीवर पाय असलेल्यांतलं.

अक्का वाईला; दोघा भावांबरोबर भाऊसाहेब आणि मीही तिथं गेलो. कृष्णेच्या घाटाजवळ जुन्या वाड्याचं अर्धं घर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. भावांनी इरकल साडी नेली होती, बाकरवडी नेली होती आणि हक्कसोडपत्राचा मसुदा नेला होता, तो साडीच्या घडीखाली. अक्कांनी सगळ्यांना पोहे दिले, चहा दिला, साडीला हळदकुंकू लावलं आणि घडी उलगडून मसुदा बाहेर काढला. डोळ्यांवर चष्मा चढला, हातात लाल पेन आलं.

"'मिळकत' शब्दाला एवढ्या वेलांट्या कुणी दिल्या?" ही पहिली हरकत.

मग त्यांनी कागद खाली ठेवला. "घर विकायचंय ना? मग मी आधी तुम्हाला सोडून द्यायचं आणि मग तुम्ही विकायचं, ही मधली पायरी कशाला? मीच विकते की. 'लिहून देणार' म्हणून माझं नाव घाला."

"अक्का, नाममात्र मुद्रांकात होतं हक्कसोडपत्र," धाकटा भाऊ म्हणाला.

"माझा वाटाही नाममात्र आहे का?"

भाऊसाहेबांनी वातावरण सैल करावं म्हणून घसा खाकरला आणि वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती, २०२० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मुलींचा जन्मतः हक्क असं सांगायला सुरुवात केली. अक्कांनी त्यांना वर्गात उभं करावं तसं मधेच थांबवलं. "तो निकाल वडिलोपार्जित मिळकतीचा. हे घर दादांनी स्वतःच्या फंडातून बांधलं. स्वकष्टार्जित. त्याला १९५६ चा कायदा पुरतो. आई आणि आम्ही चौघं, पाच जणांना सारखं. आई गेल्यावर तिचा पाचवा पुन्हा आम्हा चौघांत. म्हणजे रुपयात चार आणे. बरोबर?"

"बरोबर," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आदर होता, तो मी कलेक्टरबद्दल बोलतानाही ऐकलेला नाही.

"आणि हे काय? 'हक्क नको म्हणतात'?" फेरफाराची नक्कल त्यांच्या हाती लागली होती. "मी? १९८८ च्या श्रावणात मी याच खोलीत बाळंतीण होते. कोण आलं होतं जबाबाला?"

भावांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"तलाठ्याकडे तेव्हा चार-चार गावं असायची," भाऊसाहेब पुटपुटले.

"कोणता तलाठी?"

"मी."

अक्का जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. उशिरा का होईना, आलात जबाबाला. लिहून घ्या."

आणि भाऊसाहेबांनी खरंच खिशातलं पेन काढलं. माझ्या पाठकोऱ्या कागदावर, उजवीकडं तारीख टाकून, समास सोडून त्यांनी लिहिलं: समक्ष विचारले असता हक्क हवा आहे असे सांगते. अक्कांनी 'सांगते'चं 'सांगतात' केलं आणि खाली सही केली. त्या कागदाला कायद्यात शून्य किंमत आहे, हे त्या दोघांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी भाऊसाहेबांनी त्याची घडी घालून पाकिटात ठेवली.

परतीच्या वाटेवर खंबाटकी उतरेपर्यंत दोघं भाऊ काही बोलले नाहीत. उतरल्यावर थोरला एवढंच म्हणाला, "लहानपणापासून अशीच आहे." किंमत तीच, पण आता चार भाग होणार होते. मेहुण्याला आकड्यात काही फरक नव्हता, म्हणून भावांचा सगळा राग भाऊसाहेबांवर. सर्च सर्च म्हणत या माणसानं आमच्या घरात बहिणी शोधून काढल्या, असं धाकटा नंतर बाहेर सांगत फिरला. भाऊसाहेबांना ते बिरुद आवडलं असावं.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेहमीची गर्दी होती. टोकन, साक्षीदार, आधार कार्डांच्या छायाप्रती, बंद पडलेला पंखा. अक्कांनी अख्खं खरेदीखत, चतुःसीमेसकट, वाचून काढलं. पूर्वेला 'नाला' लिहिलं होतं तिथं आता रस्ता आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. "चूक दुरुस्ती पत्र नंतर करता येईल," असं वकील म्हणाले, तेव्हा भाऊसाहेब आणि अक्का दोघं एका सुरात म्हणाले, "नंतर कशाला?" पान बदलून आणलं. चौघांच्या रकमा चार वेगळ्या धनाकर्षांनी. मग अंगठ्याची वेळ आली तर यंत्र अक्कांचा अंगठा घेईना. साऱ्या नोकरीभर खडू धरलेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. ऑपरेटर पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मावशी, जरा दाबा." अक्का दाबत होत्या, पडदा कोरा. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बहीण आहे ना? हक्कसोड करून टाका, लवकर होईल." अक्कांनी मागं वळून बघितलं आणि रांग शांत झाली. शेवटी भाऊसाहेबांनी ओल्या रुमालानं बोट पुसायची युक्ती सांगितली, अक्कांनी किंचित तिरका दाब दिला आणि अंगठा उमटला.

बाहेर टपरीवर चहा घेताना मेहुणा नव्या घराच्या रंगाबद्दल बोलत होता आणि भाऊसाहेब त्याला सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका, असं बजावत होते. अक्कांनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली.

"भाऊसाहेब, जरा हे बघा. आमच्या सासऱ्यांची वाईजवळची जमीन. ते गेल्यावर फक्त आमच्या ह्यांचं नाव लागलंय. आता मुलाला तिथं घर बांधायचंय, तर बँक काहीतरी खुसपट काढतेय."

भाऊसाहेबांनी उतारा घेतला आणि सवयीनं उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग फेरफाराचा क्रमांक बघितला. "तुमच्या यजमानांना बहीण?"

"एक नणंद आहे कराडला. पण ती काही घेणारी नाही हो. फार समाधानी बाई आहे. फक्त एक सही घ्यायची."

"त्यांना निकाल वगैरे माहीत आहेत?"

"तिच्याकडे साधा फोन आहे."

भाऊसाहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "नोंदीत काय लिहिलंय? त्यांचा जबाब समक्ष घेतलाय का?"

"ते तुम्हीच सांगा," अक्का म्हणाल्या. "तुमच्यात घेतात का?"